अजरख : दोन्ही बाजूंनी सारखे कापड

ईदच्या खरेदीत हल्ली ‘अजरख’ नावाचा दुपट्टा हमखास दिसतो. गडद निळा, लाल, काळा आणि मधूनमधून पांढरे ठिपके, चांदण्या. दुकानदार शेकड्याच्या भावात हा दुपट्टा देतो आणि आपणही खुशीने घेतो. मात्र त्यांतले बरेचसे दुपट्टे यंत्रावर छापलेले असतात. खरा अजरख तयार व्हायला आठवडे लागतात आणि त्यामागे आपल्याच एका बिरादरीची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे.

ही बिरादरी म्हणजे कच्छचे खत्री. सोळाव्या शतकात कच्छच्या रावांनी सिंधमधून या रंगाऱ्यांना बोलावून वसवले, असे ते सांगतात. नदीच्या वाहत्या पाण्यामुळे ते धमडका गावी स्थिरावले. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते गुरे राखणारे मुस्लिम मालधारी. अजरख त्यांची लुंगी, तोच फेटा, तोच खांद्यावरचा रुमाल. इजिप्तमध्ये जुन्या कैरोतील फुस्तात येथे भारतीय छापील सुती कापडाचे शेकडो वर्षांपूर्वीचे तुकडे सापडले. त्यांतील काहींची नक्षी अजरखशी मिळतीजुळती आहे. नावाचा संबंधही बरेच जण अरबी ‘अझरक’ म्हणजे निळा या शब्दाशी जोडतात.

रंग कसा चढतो?

कापड आधी धुऊन एरंडेल तेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या मिश्रणात मुरवतात, उन्हात वाळवतात, पुन्हा धुतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. त्यानंतर लाकडी ठशांनी छपाई सुरू होते. जिथे पांढरे राहायला हवे तिथे चुना आणि डिंक. जिथे काळे हवे तिथे गंजलेले लोखंड व गूळ आंबवून केलेले पाणी, चिंचोक्याच्या पुडीने दाट केलेले. जिथे लाल हवे तिथे तुरटी. झाकलेला भाग सोडून बाकीचे कापड निळीच्या हौदात निळे होते. शेवटी मंजिष्ठेसारख्या रंगात उकळले की तुरटीची जागा लाल होते. चौदा-सोळा टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर ऊन व पाणी. उत्तम अजरख दोन्ही बाजूंनी छापतात, एकीकडची रेघ दुसरीकडच्या रेघेवर बरोबर बसवून.

पाणी हरवले तेव्हा

विसाव्या शतकात स्वस्त रासायनिक रंग आणि कृत्रिम कापड आले. मालधारीही तिकडे वळले. तेव्हा धमडक्याच्या मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नैसर्गिक रंगांचे विसरत चाललेले ज्ञान पुन्हा उभे केले आणि मुलांना शिकवले. त्यांचे पुत्र इस्माईल खत्री यांना 2003 साली इंग्लंडच्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

पण नदी आटली होती. भूजलही खोल गेले. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाने घरे पाडली आणि पाण्यातले लोहही वाढले. लोहाच्या पाण्यात अजरखचा रंग बिघडतो. काही कुटुंबांनी सब्र केला, भुजजवळ जमीन घेतली आणि नवे गाव वसवले. नाव ठेवले अजरखपूर. 2024 साली कच्छी अजरखला भौगोलिक मानांकनही मिळाले.

खरे कसे ओळखावे?

कापड उलटे करून पाहा. हाताच्या कामात रंग कापडात मुरलेला असतो, त्यामुळे मागेही नक्षी स्पष्ट उमटते. यंत्राच्या छपाईत पाठ बहुधा फिकी असते. नक्षीत ठसा जिथे ठशाला भिडतो तिथे बारीकसा फरक दिसतो. ती खोट समजू नका, तो माणसाच्या हाताचा पुरावा आहे. घरी आणल्यावर थंड पाण्यात, सौम्य साबणाने वेगळा धुवा आणि सावलीत वाळवा.

यंत्राचे कापड घेण्यात काहीच वाईट नाही. सगळ्यांचा खिसा सारखा नसतो. पण यंत्राचे कापड हाताचे म्हणून विकणे ही फसवणूक आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलसर माल उघड करणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण उम्मती. व्यापाऱ्याने मालाची पाठही गिऱ्हाइकाला दाखवावी, ही आपली शिकवण आहे.

हजरत दाऊद (अ.स.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. अजरखपूरच्या अंगणात ठसा मारणारा कारागीरही तेच करतो. त्याच्या घामाचे पैसे खोट्या मालाने पळवले, तर त्याचा मुलगा उद्या ठसा हातात का धरेल? म्हणून पुढच्या खरेदीत दुकानदाराला एवढेच विचारा, “भाई, हे हाताचे की यंत्राचे?” आणि कापड उलटून बघा.