पिकअपमधून लेकरांना फिरायला न्यायचंय? आधी गाडी अशी तयार करा



उन्हाळ कांदा चाळीत पडला, खरिपाला अजून थोडा अवकाश आहे. मुलांना सुट्टी आहे. अशा वेळी ग्रुपवर दरवर्षी एक प्रश्न येतोच: "पिकअप दारात उभीच आहे, तिच्यातूनच भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो तर?" जरूर जा. पण बाजाराला जाणारी गाडी आणि लेकरं घेऊन जाणारी गाडी यात फरक आहे, तो नीट समजून घ्या. मेसेज मोठा आहे, सवडीने वाचा. घरातल्या तरुण मंडळींनाही वाचायला द्या, कारण स्टेअरिंग बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतं.

*सगळ्यात आधी हौद्याबद्दल*

हौद्यात माणूस बसवायचा नाही. जवळच जायचंय, गाडी हळू चालवू, खाली गादी टाकू, यातलं काहीही चालणार नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये श्रावणी सोमवारी खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप दरीत कोसळली आणि अनेकींचा जीव गेला. गाव आपल्यासारखंच, गाडी आपल्यासारखीच, आणि निघाल्या होत्या देवाला.

असं का होतं ते बघा. कांद्याची गोणी हौद्याच्या तळाला पडून राहते. माणूस उभा राहतो, फाळक्यावर बसतो, वळणावर सगळे एका बाजूला झुकतात. गाडीचं वजन वर चढतं आणि वळणावर ती लवकर कलंडते. चढाला सगळा भार मागच्या चाकांवर जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगची पकड कमी होते. त्यात हौद्यात बेल्ट नाही, धरायला काही नाही. गाडी नुसती कलंडली तरी माणसं बाहेर फेकली जातात आणि गाडी त्यांच्यावर येते.

आता विम्याचं. बऱ्याच सभासदांचा समज आहे की थर्ड पार्टी विमा भरलाय म्हणजे सगळे कव्हर झाले. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 147 प्रमाणे मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस मालासोबत असेल तर त्याला संरक्षण आहे. फुकट बसलेल्या पाहुण्याला, शेजाऱ्याला नाही. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. काही प्रकरणांत कोर्ट विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं, पण नंतर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल होते. म्हणजे एका सहलीपायी घरचं माणूसही जाऊ शकतं आणि उरलेल्यांवर लाखोंची वसुलीही येऊ शकते. मालकाचा स्वतःचा 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो, बायको-मुलांचा नाही. केबिनमधल्या सीटवर बसणाऱ्यांसाठी वेगळं कव्हर जोडून मिळतं का, ते एजंटला विचारा आणि उत्तर पॉलिसीच्या कागदावर घ्या. तोंडी "हो हो, होतं" यावर जाऊ नका.

*मग कुटुंब बसणार कुठे?*

आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते. सिंगल केबिन पिकअपला ती सहसा 2 किंवा 3 असते, चालक धरून. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर सिंगल केबिन ही तुमची सहलीची गाडी नाही, एवढं सरळ आहे. हौद्यात फक्त सामान जाऊ द्या आणि माणसं एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने येऊ द्या. यात कमीपणा काही नाही.

नवी किंवा जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल तर डबल केबिनचा विचार करा. बोलेरो कॅम्परसारख्या गाडीत चालकासह पाच जण बसतात आणि मागे साधारण एक टन माल जातो. मात्र केबिन वाढली की हौदा आखूड होतो. साध्या बोलेरो पिकअपचे 1.3 टनापासून 2 टनांपर्यंतचे प्रकार आहेत, त्यामुळे टोमॅटोच्या हंगामात रोज भरून गाडी न्यायची असेल तर कॅम्परच्या फेऱ्या वाढतात आणि डिझेलही. आमचं मत विचाराल तर असं: आठवड्याला दोन-तीन फेऱ्या करणाऱ्या, लहान मुलं असलेल्या घराला डबल केबिन परवडते. हंगामात रोज बाजार गाठणाऱ्याने सिंगल केबिनच ठेवावी आणि वर्षातून चार वेळा फिरायला कार भाड्याने घ्यावी. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या पाच सीटच्या पिकअप खासगी गाडी म्हणून पांढऱ्या पाटीवर घेता येतात. पण किंमत मोठ्या कारची आहे, आणि पांढऱ्या पाटीवर दुसऱ्याचा माल भाड्याने वाहता येत नाही.

लायसन्सची काळजी नको. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स पुरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

*मुलांची सीट*

डबल केबिनमध्ये मागच्या सीटला बेल्ट आहेत का ते हात घालून बघा. जुन्या गाडीत ते कव्हरखाली दबलेले असतात, नाहीतर काढून टाकलेले असतात. ते आधी बसवून घ्या. 14 वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल तर 1,000 रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा हिशोब बघा. गाडी 40 च्या वेगाने जाऊन आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला आईच्या हातातून ओढणारा जोर शंभर किलोच्या वर जातो. म्हणजे कांद्याच्या दोन भरलेल्या गोण्या. कुठल्या आईच्या हातांना त्या पेलतील?

चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मुलांची सीट लावा. त्यापुढे उंची साधारण 135 सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टर, म्हणजे बेल्ट गळ्यावर न येता खांद्यावर येईल असं उंच आसन. पुढे एअरबॅग असेल तर मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तिथे कधीच ठेवायची नाही.

*हौदा धुवा, नीट धुवा*

हा मुद्दा शहरातल्या पिकअपवाल्यांना नसतो, आपल्याला असतो. ज्या हौद्यातून काल फवारणीचं औषध, युरिया, कोंबडखत आलं, त्यातच उद्या अंथरुण आणि भाकरीचा डबा जाणार. नुसतं पाणी मारून भागत नाही. औषध सांडलेलं असेल तर आधी कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या, ती माती वेगळी गोळा करा, मग हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासा आणि तीन वेळा धुवा. हे पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे किंवा गोठ्याकडे जाऊ देऊ नका. पत्रा धुऊन निघतो, लाकडी फळी मात्र औषध पिते. फळ्यांवर डाग किंवा वास असेल तर सहलीपुरत्या त्या काढूनच टाका. खतही खरवडून काढा, कारण ते हवेतला ओलावा ओढून पत्रा खातं.

सहलीचं सामान झाकणाच्या वेगळ्या पेट्यांत ठेवा. पेट्या वेगळ्या रंगाच्या घ्या आणि शेतीच्या कामाला कधी वापरू नका. औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी तर चुकूनही नको, कितीही धुतला असला तरी. चौघांना दोन दिवस पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून 40 लिटर पाणी धरा, म्हणजे 20 लिटरचे दोन जार.

*सामान कसं लावायचं*

पाण्याचे जार, शिधा, टूलबॉक्स असं जड सामान खाली आणि केबिनला टेकवून लावा. हलकं सामान मागे. जड वस्तू फाळक्याजवळ ठेवली की पुढचं टोक उचलल्यासारखं होतं. बांधायला रॅचेटचे पट्टे घ्या. टायरच्या जुन्या ट्यूबने आपण सर्रास बांधतो, पण रबर ताणतं आणि खड्ड्यात सामान उसळतं. दहा किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळा, पहिल्या धक्क्यांनी सामान बसतं आणि पट्टा सैल होतो.

रिकामी पिकअप आदळते, हे तुम्हाला माहीतच आहे. मागचे पाटे टनभर मालासाठी असतात, त्यांना शंभर किलोचं काय वाटणार? त्यात टायरमध्ये भरल्या गाडीची हवा असेल तर मुलांना उलट्या होणारच. दाराजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरल्या गाडीची हवा वेगळी दिलेली असते. त्याप्रमाणे टायर थंड असताना हवा करा आणि परत बाजाराला निघण्याआधी आठवणीने वाढवा.

ताडपत्री टाकून मागून उघडं ठेवलं तर धावत्या गाडीत धूर आत ओढला जातो. मुक्कामाला हौद्यात झोपणार असाल तर इंजिन बंद, हवेला दोन बाजूंनी वाट, आणि आत शेगडी किंवा निखारे अजिबात नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही.

वेल्डिंग करून हौदा उंच करणं, जादा सीट ठोकणं हे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. पुढचा लोखंडी बंपरही डिसेंबर 2017 पासून बंद आहे. तो दिसतो भारी, पण धडकेचा धक्का शोषून घेत नाही.

*भंडारदऱ्याला जाणाऱ्यांसाठी*

काजवे मे अखेरपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, पाऊस जोर धरेपर्यंत चांगले दिसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर बघा. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. गाडी सांगतील तिथेच लावा, आणि लावल्यावर हेडलाइट, पार्किंग लाइट, केबिनचा दिवा सगळं बंद. काजवा उजेडानेच जोडीदार शोधतो. आपल्या एलईडी पट्टीपुढे त्याचं काय चालणार? मोबाइलचा फ्लॅशही नको.

वळवाचा पाऊस झालेला असेल तर गवतात गाडी घालू नका. मागच्या चाकांवर चालणारी रिकामी पिकअप ओल्या भातखाचरात जागेवर फिरते. दोन जाड फळ्या, चार गोणपाट आणि फावडं सोबत ठेवा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहे का, हे घरीच बघा.

घाट उतरताना न्यूट्रल करायचं नाही. डिझेल वाचतं म्हणून ही सवय फार जणांना आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन गाडीला धरून ठेवतं. सारखा ब्रेक दाबला की तो तापून लागेनासा होतो, आणि इंजिन बंद केलं तर ब्रेक दगडासारखा कडक होतो.

गाडीच्या आसनक्षमतेबद्दल किंवा पॉलिसीबद्दल शंका असेल तर आरसी आणि पॉलिसीचा स्पष्ट फोटो कंपनीच्या कार्यालयाच्या नंबरवर पाठवा, ग्रुपवर टाकू नका. निघायच्या आदल्या रात्री पाठवला तर उत्तर मिळायला वेळ लागेल, चार दिवस आधी पाठवा.