पेटी गावात आली, पाठबळ मागे राहिलं

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेला. आता गावोगाव नर्स नेमायच्या आणि आजार मुळातच रोखायचे, असा त्यांचा बेत होता. तो फसला. परगावच्या नर्सबाई गावात राहीनात, आणि राहिल्या तरी गावातल्या बाया त्यांच्यापाशी मनातलं बोलेनात. गावकऱ्यांचं पहिलं मागणं तर औषधाचं नव्हतंच. पुढे १९७२चा दुष्काळ आला. लोकांना हवं होतं पाणी आणि पोटाला अन्न.

मग आरोळ्यांनी कूपनलिका घ्यायला सुरुवात केली, आणि जागा मुद्दाम दलित वस्तीत निवडल्या. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने तिथे यायचं. आरोग्याच्या पुस्तकात हा धडा सापडणार नाही, पण जामखेडच्या कामाची सुरुवात मला इथूनच झालेली दिसते. वेगवेगळ्या जातींच्या पुरुषांना एकत्र आणायला त्यांनी व्हॉलीबॉलचे सामने भरवले. त्यातून शेतकरी मंडळं झाली, पाठोपाठ महिला मंडळं. आणि नर्सची जागा गावातल्याच बायकांनी घेतली. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या.

या बायका दर आठवड्याला जामखेडच्या केंद्रात यायच्या. आठवडाभरात गावात काय झालं ते सांगायचं, अडलेलं विचारायचं, एखादा नवा विषय शिकायचा आणि परत जायचं. गरोदर बाईची तपासणी, जुलाब झालेल्या बाळाला साखर-मिठाचं पाणी, क्षयरोग आणि कुष्ठरोगाची लक्षणं हे सगळं त्या अशाच शिकल्या. १९७१मध्ये या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. विसेक वर्षांनी तो आकडा विशीच्या आसपास आला. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८च्या आल्मा-आटा परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय ठेवलं, त्यामागच्या विचारांत जामखेडचाही वाटा होता. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गावातल्याच माणसांच्या हाती आरोग्य देण्याचं दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. न्यूमोनियाने मुलं मरत होती. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो हे मोजलं की न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त श्वास भरले तर धोका. पण ज्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करायचं? सर्चने एक साधन बनवलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. निदानातली अडचण शिक्षणाची आहे असं आपण धरून चालतो. इथे ती साधनाची निघाली.

पुढचं पाऊल नवजात बाळांचं होतं. प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचं वजन करायची, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायची आणि वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायची. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. २०११पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आज आशाताई, म्हणजे गावातली सरकारी योजनेतली आरोग्यसेविका, बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, त्याची मुळं गडचिरोलीत आहेत.

स्वयंसेवी संस्थांनी केलेलं आणखी एक काम कमी गाजलं, पण मला ते तितकंच मोलाचं वाटतं: मोजणी. महाराष्ट्रातल्या अशा १३ संस्थांनी आपापल्या भागातले बालमृत्यू एकेक करून नोंदवले. सरकारी वहीतले आकडे आणि प्रत्यक्ष मृत्यू यांत मोठी तफावत निघाली. ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१मध्ये आला आणि सरकारला समिती नेमावी लागली. जे मरण नोंदलंच जात नाही, त्यावर उपाय कोण करणार?

सगळीकडेच असं जमलं नाही. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मांडव्यात डॉ. नोशीर अँटिया यांच्या संस्थेने सत्तरच्या दशकात गावातल्या बायकांना हाताशी धरून असंच काम उभं केलं. स्थानिक पुढाऱ्यांचा रोष ओढवला आणि ते आवरतं घ्यावं लागलं. ज्ञान बायकांच्या हाती गेलं की कुणाची तरी सत्ता कमी होते, हे लक्षात ठेवायला हवं.

२००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायचं ठरलं. कल्पना या प्रयोगांच्याच मळ्यातली. पण सरकारात येताना तिची काटछाट झाली. निवडीला शिक्षणाची अट आली. जामखेडच्या पहिल्या फळीतल्या कित्येकजणी त्या अटीत बसल्याच नसत्या. दर आठवड्याच्या बैठकीची जागा अहवाल, रजिस्टरं आणि कामागणिक मोबदल्याने घेतली. आशांना मार्गदर्शन करायला गटप्रवर्तक आहेत, पण त्यांच्याच माथ्यावर इतकी गावं की शिकवायला वेळ कुठून आणणार? औषधांची पेटी खेड्यात पोहोचली, पाठबळ मात्र तालुक्यालाच थांबलं.

हे पाठबळ आणि त्याबरोबर येणारा जाब, दोन्ही संस्था देऊ शकतात, हे २००७ नंतर महाराष्ट्रात दिसलं. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयातून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. खर्च अभियानाचा, म्हणजे सरकारचाच. गावकरी प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचे: चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते लाल. मग जनसुनवाई. डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत, औषधं बाहेरून आणायला सांगतात, बाळंतपणाला पैसे मागतात, असल्या तक्रारी अधिकाऱ्यांसमोर उघड मांडल्या जायच्या. काही डॉक्टर चिडले. काहींनी मात्र याच सुनवाईत आपली रिकामी पदं आणि औषधांचा तुटवडा वरिष्ठांपुढे मांडून घेतला.

संस्थेने सरकारी केंद्राला समांतर दवाखाना काढला की तिच्यानंतर तो बंद पडायची भीती असते. तीस हजार लोकांसाठीचं सरकारी केंद्र, आदिवासी भागात वीस हजारांसाठीचं, तिथेच राहणार आहे. म्हणून खरी कसोटी ही, की संस्थेमुळे ते केंद्र सुधारलं का.

दिवाळीला गावी जाणार असाल तर एक करा. तुमच्या गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती कागदावर नक्की असेल. तिच्यासाठी वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी ठरलेला आहे. समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली आणि पैसे कशावर खर्च झाले, हे सरपंचांना विचारा. आणि आशाताईला विचारा, तिला शेवटचं काही नवं शिकवलं ते कधी.