मैल्याच्या टँकरचा पाइप नीट ठेवा



पाइप हा काय लेख लिहायचा विषय आहे का, असे काही जण म्हणतील. बेणे, खत, पाणी सोडून आम्ही या वेळी मैला उपसणाऱ्या टँकरच्या पाइपाकडे का वळलो, ते आधी सांगतो.

गेल्या गळीत हंगामात आम्ही ऊसतोड मजुरांच्या एका तळावर गेलो होतो. कोप्यांच्या कडेला ट्रॅक्टर-टँकर उभा होता. जवळच्या वस्तीवरची सेप्टिक टाकी उपसून ड्रायव्हर झाडाखाली भाकरी खायला बसला होता. टँकरवरचा पाइप दोरीने कसाबसा बांधलेला, त्याची दोन्ही टोके खाली लोंबत होती. तीन-चार पोरे त्या पाइपाशी खेळत होती. एक जण टोकाला तोंड लावून आरोळी ठोकी, दुसरा दुसऱ्या टोकाला कान लावून ऐके. आम्ही ड्रायव्हरला हाक मारली, तर तो म्हणाला, "अहो दादा, मघाशीच धुतलाय की पाइप." कुठे धुतला म्हणून विचारले, तर हातपंपाच्या पायथ्याशी! सगळा तळ ज्या पंपाचे पाणी पितो, तिथेच.

पोरांना साबणाने हात-तोंड धुवायला लावले आणि आम्ही परत आलो. पण सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. त्या टँकरवर पाइप ठेवायला जागाच नव्हती. मालकाने टाकी घेतली, पंप घेतला, नवे टायर घातले. पाइप कुठे ठेवायचा याचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

हा धंदा आता खेड्यात आला

पूर्वी आपल्याकडे संडासच थोडे, त्यामुळे टाकी उपसायचा प्रश्नही थोडाच. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर घरोघर संडास झाले. कुणी शोषखड्डे घेतले, कुणी सेप्टिक टाक्या बांधल्या. टाकी काही जन्मभर पुरत नाही. दोन-तीन वर्षांनी तिचा गाळ काढावा लागतो, नाहीतर घाण पुढे वाहून शोषखड्डा बुजतो. वाई नगरपालिकेने २०१८ पासून शहरातील टाक्या पाळीपाळीने, ठरावीक वर्षांनी उपसण्याची पद्धत घातली. खेड्यात मात्र अजून टाकी तुंबली की टँकरवाल्याला फोन, अशीच रीत आहे. ऊसवाहतूक बंद असताना ट्रॅक्टरला काम मिळते, म्हणून आपल्यातले काही सभासदही या धंद्यात उतरले आहेत. धंदा वाईट नाही, गरजेचाच आहे. तो नीट करावा, एवढेच आमचे म्हणणे.

पाइपात उरते किती?

साधा हिशेब करू. ३ इंची पाइपात एका मीटरला सुमारे साडेचार लिटर मावते. ३० फुटी पाइप भरला तर आत जवळजवळ ४० लिटर मैला असतो. ४ इंची पाइप असेल तर ७० लिटरच्या वर. त्यातला दहावा हिस्सा जरी मागे राहिला, तरी चार ते सात लिटर घाण पाइपाबरोबर गावभर हिंडते. रस्त्यावर ठिबकते, दारात ठिबकते, ड्रायव्हरच्या हाताला लागते आणि त्याच हाताने तो तंबाखू मळतो.

या घाणीतून पटकी, विषमज्वर, हगवण आणि दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ पसरते. जंतांची अंडी तर ओलसर जागी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाइप वरून कोरडा दिसला म्हणून तो स्वच्छ झाला, असे समजू नये. आतल्या वळ्यांत गाळ बसलेला असतोच.

चिरलेला पाइप आणि माणसाचा जीव

आता यंत्राकडे पाहू. ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा व्हॅक्यूम पंप मैला ओढत नाही, तो टाकीतली हवा काढतो. टँकर आतून हवेविना झाला की बाहेरच्या हवेचा दाब मैल्याला पाइपातून वर ढकलतो. म्हणून पाइपाला कुठे बारीक चीर गेली, वायसर दबला किंवा कपलिंग ढिले झाले की तिथून हवा शिरते. पंप घरघर करतो, डिझेल जळते, आणि वर येते ते नुसते पातळ पाणी. खालचा घट्ट गाळ तसाच राहतो.

आणि इथेच खरा घात होतो. मालक म्हणतो, "खालचा गाळ आला नाही, जरा उतरून ढवळ." माणूस टाकीत उतरतो. आत विषारी वायू असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. तो जास्त झाला की नाकाला वास कळेनासाच होतो. उतरलेला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही आतच राहतो. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असे मृत्यू झाल्यास वारसांना मिळायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. पण गेलेला माणूस पैशाने येत नाही. पाइप उन्हात टाकला, तो कडक होऊन चिरला, चिरल्यामुळे गाळ ओढेना आणि गाळ ओढेना म्हणून माणूस उतरवला. पाहा, पाइप ठेवण्याची हयगय कुठवर जाऊन पोचते. गाळ येत नसेल तर पाइप तपासा, वरून पाणी मारून गाळ पातळ करा, लांब पाइप आणा. माणूस उतरवू नका.

अमेरिकेतल्या फिरत्या घरांची रीत

अमेरिकेत लोक मोटारीमागे जोडायचे छोटे घर घेऊन सहलीला जातात. आत चूल, बिछाना, संडास, सगळे असते. संडासाची टाकी वेगळी आणि भांडी-आंघोळीच्या पाण्याची टाकी वेगळी. मुक्कामाच्या जागी सांडपाण्याच्या तोंडाला ३ इंची पाइप लावून त्या रिकाम्या करतात. मग तो घाणेरडा पाइप घरात कसा न्यायचा? हाच आपला प्रश्न त्यांच्यापुढेही आला.

अनेक गाड्यांचा मागचा बंपर चौकोनी, आतून पोकळ असतो. त्यात पाइप सारून दोन्ही बाजूंना टोपणे लावतात. कल्पना चांगली, पण तिच्यातही खोड निघाली. ओला पाइप आत राहिला की लोखंडी बंपर आतून गंजतो. टोपण ढिले असले तर वाटेत पडते आणि मागोमाग पाइपही. कित्येकदा पाइप आत जातो, पण त्याच्या टोकाचे कपलिंग जात नाही. म्हणून बरेच जण गाडीखाली प्लॅस्टिकची वेगळी मोठी नळी बसवतात.

त्यांच्या दोन सवयी मात्र आपण जरूर उचलाव्यात. एक, संडासाची टाकी आधी सोडायची आणि साबणाच्या पाण्याची नंतर, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. दुसरी, पिण्याच्या पाण्याची नळी मैल्याच्या पाइपाशेजारी कधीही ठेवायची नाही. तिची जागाच वेगळी.

आपल्या टँकरवर काय करावे?

१) टाकी उपसून झाली की पंप चालू ठेवूनच पाइपाचे टोक वर उचला. हातमोजे घालून, टोकाकडून टँकरकडे पाइप खांद्याइतका उचलत चालत या. आतला सगळा मैला टँकरमध्ये जाईल.

२) मग एका पिंपात ४०-५० लिटर पाणी घेऊन ते पाइपाने टँकरमध्येच ओढून घ्या. धुण्याचे पाणी जमिनीवर नाही, टँकरमध्येच गेले पाहिजे. पाइप विहिरीत, हौदात, हातपंपाजवळ बुडवू नका. या पंपाचा दांडा फिरवला की तो हवा ओढायच्या ऐवजी आत ढकलतो, त्यावरच टँकर रिकामा होतो. दांडा चुकून उलटा पडला तर मैला थेट विहिरीत जाईल. धुण्याचे पिंपही वेगळेच ठेवा, घरधन्याचे घेऊ नका.

३) व्हॉल्व्ह बंद करून पाइप सोडवा आणि दोन्ही टोकांना टोपणे लावा. टोपण साखळीने पाइपालाच बांधून ठेवावे, म्हणजे हरवत नाही. पाइप बाहेरून ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम चांगली, ताजी पावडर पुरे. पुसल्यावर कपलिंग साध्या पाण्याने धुवा, नाहीतर लोखंड गंजते. पावडरमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचे औषध कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

४) टाकीच्या बाजूला, लांबीभर, पाइपासाठी पन्हळ किंवा मोठी पीव्हीसी नळी बसवून घ्या. गावातला वेल्डर एका दिवसात हे काम करतो. माप घेताना पाइपाचे घेऊ नका, कपलिंगचे घ्या, तेही दांड्यांसकट. पुष्कळांची चूक इथेच होते. नळीला मागे किंचित उतार द्या आणि खालच्या टोकाला बूच ठेवा. रस्त्यावर बूच बंद. टँकर रिकामा करायच्या ठिकाणी ते उघडून साठलेले पाणी काढा आणि नळी धुवा.

५) ३० फुटी अखंड पाइप अशा नळीत मावणार नाही. त्याचे १०-१० फुटांचे तीन तुकडे केले तर ठेवायला सोपे पडतात. पण प्रत्येक जोड ही हवा शिरायची जागा आहे, हे ध्यानात ठेवा. चार वायसर जास्तीचे जवळ असू द्या. अखंडच ठेवायचा असेल तर त्याचे वेटोळे बैलगाडीच्या चाकाएवढे मोठे घाला. लहान वेटोळ्यात पाइप मुरगळतो आणि तिथेच चिरतो.

६) पाइपाच्या दोन्ही टोकांना लाल रंगाचा पट्टा मारा. लाल पट्ट्याचा पाइप पिण्याच्या पाण्याला, औषध फवारणीला किंवा गुऱ्हाळावर वापरायचा नाही, हे घरातल्या लहान पोरालाही कळले पाहिजे. मैल्याचा टँकर धुऊन टंचाईत पाण्याला लावायचा विचार तर स्वप्नातही आणू नका.

७) काम नसेल त्या दिवसांत पाइप आतून धुऊन, उभा निथळवून, पूर्ण वाळवून सावलीत ठेवा. वैरण, धान्य आणि जनावरांची दावण यांपासून लांब. ओला पाइप टोपणे लावून महिनाभर ठेवला तर आत वायू धरतो. तसा पाइप उघडताना तोंड बाजूला ठेवा आणि विडी पेटवू नका.

एक शेवटची गोष्ट

उपसलेला मैला कालव्यात, ओढ्यात किंवा उसाच्या सरीत सोडू नका. "खतच आहे की," असे काही जण म्हणतात. पण कच्चा मैला म्हणजे खत नव्हे. त्याच सरीत उद्या आपली बायकापोरे खुरपणीला आणि तोडणी मजूर कोयता घेऊन अनवाणी उतरणार आहेत. नगरपालिकेचे मैला शुद्धीकरण केंद्र जवळ असेल तर तिथेच टँकर न्या. जवळ नसेल तर कुठे न्यायचा, ते ग्रामपंचायतीला आधी विचारा.

पन्हळ, चार टोपणे, एक पिंप, हातमोजे आणि लाल रंगाचा डबा. टँकर-ट्रॅक्टरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. हंगाम सुरू व्हायच्या आत, कोप्या पडायच्या आत, ज्यांच्याकडे असे टँकर आहेत त्या सभासदांनी एवढे करून घ्यावे. ज्यांच्याकडे टँकर नाहीत त्यांनीही टाकी उपसायला बोलावताना "पाइप कुठे धुणार?" हे आधी विचारावे. विचारणारा गिऱ्हाईक भेटला की धंदेवाला आपोआप सुधारतो, हा आमचा अनुभव आहे.