पाच सांध्यांचे अस्वल

गेल्या हिवाळ्यात अश्दोदला पावसात पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, पण बोटे वळेनात. ब्लाउजची बटणे मुलगी लावायची. बोलून दाखवले नाही, पण रोज सकाळी लाज वाटे.

थेरपिस्ट बाईंनी दिलेला रबरी चेंडू दाबून कंटाळले. "पूर्वी हाताने काय करत होता?" त्यांनी विचारले. म्हटले, शिवण. "मग तेच करा, पण लहानसे आणि थोडा वेळ."

नातीसाठी चार इंची अस्वल करायला घेतले. मान, दोन हात, दोन पाय, सगळे फिरणारे. असे सांध्यांचे अस्वल जर्मनीत रिचर्ड श्टाइफ यांनी १९०२ साली तयार केले. त्यांची आत्या मार्गारेट हिला लहानपणी पोलिओ झाला. पाय गेले, उजवा हात अधू. तरी शिवणाचा धंदा तिनेच उभा केला. हे वाचून माझी कुरकुर जरा थांबली.

फेल्ट घेतले. त्याच्या कडा उसवत नाहीत, म्हणून बाहेरूनच काठाने टाके घातले. कापड उलटवायची झटापट नाही. सांध्यांना मुंबईहून आणलेल्या डब्यातली शर्टाची बटणे. मानेसाठी एक बटण डोक्यात, एक धडात, मध्ये दोरा. मग कापूस भरून पाठ शिवली. शेवटी लांब सुई एका हातातून, धडातून, दुसऱ्या हातातून आरपार, बाहेर बटण, आणि त्याच वाटेने परत. पायांचेही तसेच.

पहिल्यांदा दोरा सैल राहिला, हात लुळे लोंबले. "तुझ्यासारखेच!" मुलगी हसली. मला हसू आले नाही. जोर करून ओढला तर अंगठ्याचे मूळ रात्रभर ठणकले. थेरपिस्ट बाई रागावल्या. चिमटीने ओढू नका, दोरा पेन्सिलीला गुंडाळा आणि पेन्सिल मुठीत धरून ओढा, म्हणाल्या. तसा तो घट्ट बसला.

सुई धरायला नोटा मोजायची रबरी टोपी बोटात घालते. सकाळी हात कोमट पाण्यात शेकून पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. तासाभरानेही दुखत राहिले तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी. सूज किंवा मुंग्या आल्या तर शिवण बाजूला ठेवून डॉक्टरांकडे. शब्बाथला हाताला सुट्टी ठरलेलीच. माझी नात आठ वर्षांची आहे. तान्ह्या मुलांच्या हाती मात्र बटणांचे खेळणे देऊ नका.

दीड महिना लागला. अस्वलाचा एक हात लांब झालाय. ब्लाउजची वरची दोन बटणे अजून मुलगी लावते. खालची मी.