मुलगा म्हणतो, ‘ठेक्याचे यंत्र घ्यायचे!’

लातूरच्या आडत बाजारात हमाली करणारे एक गृहस्थ आणि डाळ मिलमध्ये कामाला जाणारी त्यांची पत्नी, असे दोघे मध्यंतरी आमच्याकडे आले होते. मुलगा आयटीआयला आहे आणि संध्याकाळी एका गायन पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. हात चांगला, वस्तीत नाव आहे. त्याने घरात हट्ट धरला होता, की बीट तयार करायचे यंत्र घ्यायचेच.

‘‘किंमत ऐकून माझी तर झोपच उडाली,’’ माउली म्हणाली. ‘‘भाऊ, लेकरू वाया चाललंय, का खरंच ह्यात काही आहे?’’

प्रश्न एका घरचा नाही. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, कुठेही जा. भीमजयंती जवळ आली की वस्तीवस्तीत तालमी सुरू होतात. पूर्वी पेटी, ढोलकी, तबला आणि बेंजो यांवर भागत असे. आता पोरांना यंत्र हवे असते. म्हणून या यंत्रांची आम्ही माहिती घेतली, वाजवणाऱ्यांशी बोललो. ती माहिती आई-वडिलांनी आणि मुलांनी एकत्र बसून वाचावी.

यंत्र करते तरी काय?

यात दोन कामे आहेत. पहिले सॅम्पलरचे. ढोलकीची एक थाप माइकसमोर वाजवली, की सॅम्पलर ती टिपून आकड्यांच्या रूपात साठवतो. सीडीच्या दर्जाचा आवाज हवा असेल तर एका सेकंदात तो ४४,१०० वेळा मोजला जातो. नंतर रबरी पॅडवर बोट मारले की तीच थाप निघते. दुसरे काम सिक्वेन्सरचे. कोणती थाप कोणत्या मात्रेवर पडली हे तो लक्षात ठेवतो आणि सांगाल तितक्या वेळा त्याच क्रमाने वाजवतो. थोडक्यात, सॅम्पलर ही आवाजांची पेटी आणि सिक्वेन्सर ही ताल लिहून ठेवलेली वही. काही यंत्रांत दोन्ही असतात, काहींत एकच. खरेदीतली निम्मी फसगत इथेच होते.

खऱ्या ढोलताशांचे आकड्यांच्या रूपात मुद्रित केलेले आवाज वापरणारे पहिले ताल-यंत्र अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी १९८० साली काढले. पुढे १९८८ मध्ये त्यांनीच आखलेले अकाई कंपनीचे ‘एमपीसी-६०’ आले. बोटांनी वाजवायचे सोळा पॅड, आत सॅम्पलर आणि सिक्वेन्सर दोन्ही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गरीब काळ्या वस्त्यांत १९७३ पासून तरुण पोरे जुन्या तबकड्यांवरचा तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून त्यावर नाचत, बोलत होती. त्यांच्या हाती ही यंत्रे आली आणि हिप-हॉपचे रूप पालटले. आज आपल्या अमरावतीचा विपिन तातड मराठीत रॅप करतो, त्या वाटेचा उगम तिथला आहे. तेव्हा ‘ही श्रीमंतांची थेरं’ असे म्हणून आई-वडिलांनी उडवून लावू नये.

काठीचा हात की बोटांचा हात?

नांदेडच्या एका पार्टीची हकिगत आम्हांला कळली. सर्वांनी वर्गणी काढून बोटांनी वाजवायचे यंत्र आणले. पार्टीचा वादक मात्र काठीने ऑक्टोपॅड वाजवणारा. त्या इवल्या पॅडवर काठी चालेना, बोटे वळेनात. कार्यक्रम चार दिवसांवर. शेवटी जुना ऑक्टोपॅड भाड्याने आणावा लागला आणि नवे यंत्र पुढे पडेल किमतीला गेले. यंत्रात खोट नव्हती. खरेदी करताना वाजवणाऱ्यालाच विचारले नव्हते.

म्हणून यंत्राच्या आधी आपले काम पाहावे.

रंगमंचावर काठीने वाजवायचे असेल, तर ऑक्टोपॅडच्या जातीचे यंत्र घ्यावे. रोलंड कंपनीचा ‘एसपीडी-२०’ हा १९९८ सालचा. आपल्याकडच्या अनेक पार्ट्यांनी तो वर्षानुवर्षे वाजवला. पण त्यात कंपनीने भरलेलेच आवाज वाजतात, आपला आवाज घालता येत नाही. त्यानंतरच्या ‘एसपीडी-३०’ मध्ये आपण वाजवलेला ठेका फिरता ठेवण्याची सोय आहे. आपला आवाज मात्र त्यातही भरता येत नाही. ‘एसपीडी-एसएक्स’ हा खरा सॅम्पलर. त्यात आपण मुद्रित केलेले आवाज घालून नऊ पॅडवर काठीने वाजवता येतात. पण मात्रा-मात्रा मांडून ठेका लिहिण्याची वही त्यात नाही.

घरी बसून गाण्याचा ठेका बांधायचा असेल, तर बोटांची यंत्रे बरी. अकाईचे ‘एमपीसी वन’ (२०२०) यात पडद्यावर बोट फिरवून अख्खे गाणे मांडता येते. पण ते अडॅप्टरवरच चालते. रोलंडचे ‘एसपी-४०४ एमके-टू’ (२०२१) लहान आहे. ते सहा पेन्सिल सेलवर किंवा यूएसबीच्या वायरीने पॉवर बँकेवरही चालते. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा ही सोय मोठी. तरी कोणतेही यंत्र असो, काम झाले की लगेच सेव्ह करण्याची सवय लावावी.

दुकानात गेल्यावर

नुसते दिवे आणि पडदा पाहून भुलू नये. दुकानदाराला म्हणावे, ‘‘दादा, दादरा लावून दाखवा.’’ पुष्कळ यंत्रे सुरुवातीला सोळा घरांचा ठेका देतात. आठ मात्रांचा केरवा त्यात नेमका बसतो, मात्रेला दोन घरे. दादरा सहा मात्रांचा. त्याला बारा घरे लागतात. रूपक सात मात्रांचा, त्याला चौदा. घरांची संख्या बदलता येते का, ती बदलायला किती बटणे दाबावी लागतात, हे डोळ्यांनी पाहावे. आपली निम्मी गाणी ज्या तालात आहेत, तोच यंत्राला येत नसेल तर ते काय कामाचे?

दुसरी परीक्षा ‘क्वान्टाइझ’ची. हे बटण चुकलेली थाप ओढून नेमक्या घरात बसवते. शिकणाऱ्याला बरे वाटते. पण ढोलकीची गंमत थाप किंचित मागे-पुढे पडण्यातच असते. ती सरळ रेषेत बसवली की ठेका मेल्यासारखा वाजतो. हे बटण पूर्ण बंद किंवा अर्धे ठेवता आले पाहिजे.

जुने यंत्र घ्यायचे असल्यास प्रत्येक पॅड आधी हळू आणि मग जोरात वाजवून पाहावा. हलक्या थापेला हलका आवाज यावा. एका थापेला दोन आवाज येत असतील तर पॅड गेलेला समजावा. बटण फिरवताना खरखर येते का, पडदा नीट दिसतो का, यूएसबीची वायर लावल्यावर यंत्र ओळखले जाते का, तेही पाहावे. मूळ अडॅप्टर मागून घ्यावा. भलताच अडॅप्टर लावल्याने यंत्र जळू शकते. आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैशाचे गणित

ही यंत्रे नवी घ्यायची तर पाच आकडी रक्कम लागते. हमालाच्या घरात ती सहज निघत नाही. मग सावकार आठवतो. समजा ५० हजार रुपये महिना शेकडा ३ दराने काढले. महिन्याला १,५०० रुपये, वर्षाला १८,००० रुपये नुसते व्याज. मुद्दल जागच्या जागी. पार्टीला काम मिळते ते मुख्यतः जयंतीच्या हंगामात आणि लग्नसराईत. उरलेले महिने व्याज कोण भरणार? व्याजाने पैसे काढून यंत्र घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बहिणीच्या फीच्या पैशांना तर हातच लावू नये.

मग पोराने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. हातातल्या मोबाइलवर ‘बँडलॅब’सारखे फुकट साधन आहे. त्यावर सहा महिने रोज ठेके बांधावेत. ब्लूटूथच्या स्पीकरवर बोट लागल्यावर आवाज उशिरा येतो, म्हणून वायरीचा हेडफोन लावावा. सहा महिन्यांत दहा ठेके पूर्ण झाले, तर मुलाची ओढ खरी समजावी. मग पार्टीच्या कमाईतून दर कार्यक्रमाला थोडे बाजूला काढून, चौघांनी मिळून यंत्र घ्यावे. मालकी कोणाची आणि कोणी पार्टी सोडली तर हिशेब कसा, हे वहीत लिहून सह्या कराव्यात.

ढोलकीवाल्या काकांचे काय?

यंत्र आले की पहिली गदा ढोलकीवर येते. ‘‘काका, उद्यापासून येऊ नका, सगळं मशीनमध्ये आहे,’’ असे ऐकलेले वादक आम्हांला भेटले. तीस वर्षे ज्यांच्या थापेवर पार्टी उभी राहिली, त्यांना हे ऐकावे लागणे आम्हांला बरे वाटत नाही.

यंत्रात येणारे तयार आवाज जगभर सर्वांना तेच मिळतात. काकांची थाप मात्र कुणाकडे नाही. काकांना मानाने बसवावे, एका शांत खोलीत माइक लावून त्यांच्या एकेक बोलाचे मुद्रण करावे, त्याचे पैसे द्यावेत, नाव द्यावे. हलगीचेही तसेच. गावकीची सक्ती होती तोवर हलगी वाजवणे हे आपल्या माणसांवर लादलेले काम होते. बाबासाहेबांच्या चळवळीत ती सक्ती अनेक गावांनी झुगारली. दोष वाद्याचा नव्हता, सक्तीचा होता. आज एखादा मुलगा स्वखुशीने हलगीची थाप यंत्रात भरतो आणि स्वतःच्या गाण्याखाली वाजवतो, तेव्हा तो त्या वाद्याचा मालक असतो.

जुन्या कॅसेटमधला तुकडा उचलण्याचा मोह मात्र टाळावा. आपल्या कायद्याने कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तोही प्रसिद्धीपासून ६० वर्षे. आपल्याच शाहिरांचे विनापरवानगी घेणे आपल्याला शोभत नाही.

आणि एक आठवण असू द्यावी. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांनी एकतारीवर भीमगीते गायिली आणि त्यांचा आवाज मोबाइलवरून लाखो घरांत गेला. एक तार, एक भोपळा आणि गळा, एवढेच भांडवल. यंत्र गाण्याला उचलून धरते. गाणे आधी असावे लागते.

त्या माउलीला आम्ही एवढेच सांगितले, ‘‘ताई, लेकरू वाया गेलेले नाही. यंत्र आज घेऊ नका, पण त्याला नाहीही म्हणू नका.’’ मुलगाही समजूतदार निघाला. परवा तो येऊन भेटला. त्याने वस्तीतल्या एका वृद्ध काकांची ढोलकी मोबाइलवर उतरवून घेतली होती आणि तिच्यावर दादरा बांधला होता. वायर लावून त्याने तो आम्हांला ऐकवला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू येत होती. ‘‘ही काढून टाकतो,’’ तो लाजून म्हणाला. आम्ही म्हटले, ‘‘बाळा, राहू दे. घर कळतंय त्यातून.’’