स्प्रिंग कापली अन् सेकंद वाढले!

सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीतल्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये एक्सेल शीटशी कुस्ती खेळतो. पण महिन्या-दीड महिन्यातून एखादा रविवार असा येतो, की मी पहाटे पाचलाच उठतो, हेल्मेट घेतो आणि आमची २०१०ची सेकंडहॅण्ड स्विफ्ट घेऊन ऑटोक्रॉसला सुटतो.

ऑटोक्रॉसचा फंडा सोपा. मोकळं मैदान, मातीचा ट्रॅक, जागोजागी कोन. एका वेळी एकच गाडी आणि लढत फक्त घड्याळाशी. कोन पाडलात की वेळेत पेनल्टी! सरळ रस्ता फारसा नसतोच, त्यामुळे सगळा खेळ वळणांचा.

आणि तिथेच माझी बोंब होती. स्टिअरिंग वळवलं की गाडी एका अंगावर कलायची आणि पुढची चाकं वळायचं सोडून सरळच घसरत जायची. याला म्हणतात अंडरस्टिअर. मित्र म्हणाला, ‘बॉस, गाडी खाली घे. स्प्रिंग काप. एकदम गो-कार्ट!’ एका गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात ग्राइंडरने चारही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा उडवला. गाडी काय दिसत होती म्हणून सांगू! पार्किंगमध्ये मी तिचे आठ फोटो काढले.

पुढच्या इव्हेंटला मी आधीपेक्षा तीन सेकंदांनी मागे पडलो.

तरी अक्कल आली नाही. ती आली पावसाळ्यात, ताम्हिणी घाटात. मागच्या सीटवर आई-बाबा, माणगावला मामाकडे निघालेलो. ओल्या वळणावर एक खड्डा आला. खालून धाड्कन आवाज झाला, मागची चाकं उडाली आणि गाडी थेट समोरच्या लेनमध्ये. समोरून एसटी. तिच्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला, म्हणून हा लेख लिहितोय. मामाच्या घरापर्यंत कोणी काही बोललं नाही. उतरल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, ‘गाडीला काय केलंयस तू?’

दुसऱ्या आठवड्यात एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि कपाळावर हात मारला. ‘अरे, सस्पेन्शनचं काम काय? टायर जमिनीला टेकवून ठेवायचा. तू त्याला हलायलाच जागा ठेवली नाहीस!’

मग चहा मागवून त्यांनी माझा क्लास घेतला. वेढे कमी केले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. पण शॉकअब्सॉर्बर जुनेच असतील तर ती कडक स्प्रिंग त्यांना आवरत नाही. शिवाय चाकाचा वर-खाली प्रवास घटतो, जरा मोठा खड्डा आला की सस्पेन्शन रबरी स्टॉपवर आदळतं. त्या क्षणी स्प्रिंग जणू नाहीच, आणि ग्रिप गुल! मातीच्या ट्रॅकवर तर असे खड्डे पावलोपावली.

दुसरा मुद्दा ऐकून मी गारच झालो. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी फार खाली घेतली की खालचे आर्म उलट्या बाजूला तिरपे होतात. गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर गाडीच्या वजनापेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे कलण्याची ओढ उलट वाढते! वर कललेल्या गाडीचा बाहेरचा टायर जमिनीवर सपाट टेकतही नाही.

काकांनी क्रम लावून दिला. आधी टायर, कारण रस्त्याला धरतो तो टायरच. मग झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट. मग चांगले शॉकअब्सॉर्बर. स्प्रिंग सगळ्यात शेवटी, तीही शॉकअब्सॉर्बरशी जुळणारी. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. आणि पुढचा अँटी-रोल बार जाड करायचा मोह टाळायचा. फ्रण्ट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचा भाग जास्त कडक केला, की अंडरस्टिअर वाढतं.

मी मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या, शॉकअब्सॉर्बर आणि बुश बदलले. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक रनची वेळ वहीत. टायरमधली हवासुद्धा दोन-दोन पीएसआयने बदलून पाहिली. बोनस गेला, गोव्याची ट्रिपही गेली. पण तीन महिन्यांनी मी माझ्या पहिल्या, अगदी स्टॉक गाडीच्या वेळेपेक्षा दोन सेकंद लवकर आलो. गाडी मात्र पार्किंगमध्ये आता अगदी सज्जन दिसते!

तुम्हालाही खाज सुटली असेल, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यतीतलं नुकसान धरत नाहीत. आणि सस्पेन्शन बदललं की स्पर्धेतला तुमचा क्लास बदलू शकतो, तेव्हा आयोजकांचं नियमपुस्तक आधी वाचा.

मागच्या महिन्यात पुन्हा ताम्हिणीतून गेलो. तेच वळण आलं. मी श्वास रोखून आरशात पाहिलं, तर आई मागच्या सीटवर चक्क झोपली होती. कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मला तेच सर्टिफिकेट मोठं वाटलं.