सुईआधी ओझ्याचा हिशेब

तापीकाठचं बऱ्हाणपूर चारशेहून अधिक वर्षं कापड विणतं आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच व्यापारी या वाटेने गेला, तेव्हा इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, रशिया आणि कैरोपर्यंत जात असल्याचं त्याने लिहून ठेवलं. आज हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आहे आणि शहर मागे टाकलं की रावेरच्या बाजूने केळीच्या बागा सुरू होतात. या दोन्ही धंद्यांत शरीर एका दणक्यात मोडत नाही, ते थोडंथोडं झिजतं. मागावरचा कारागीर तुटलेला धागा जोडायला वाकतो, धोट्यातली कांडी बदलतो, एका मागावरून दुसऱ्याकडे जातो आणि पाळी संपेपर्यंत उभाच राहतो. केळीच्या बागेतला मजूर भरलेला घड खांद्यावर घेऊन वाहनापर्यंत खेपा घालतो. काही वर्षांनी कुणाचं कोपर धरतं, कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा.

मग उपचारांची परिचित रांग लागते. आधी मलम आणि मालिश, मग मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. शहरात सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेज आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. त्यामुळे हिजामा, रक्तमोक्षण या रक्त काढण्याच्या उपचारांची नावं इथे नवी नाहीत. त्यानंतर डॉक्टरांकडची स्टेरॉइडची सुई. आणि अलीकडे या रांगेत मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांमधून आलेला एक उपचार उभा राहिला आहे, तो म्हणजे पीआरपी. प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे प्लेटलेट्सचं प्रमाण मुद्दाम वाढवलेला रक्तद्रव. आपल्याच हातातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातला हवा तो थर उचलून दुखऱ्या जागी टोचायचा. एका वेळचा खर्च हजारोंच्या घरात जातो.

‘आपल्याच रक्ताचं औषध’ हे ऐकायला आश्वासक वाटतं. परक्या पदार्थाची ॲलर्जी होण्याची भीती त्यात खरोखरच फार कमी असते. मात्र अपाय होत नाही ही एक गोष्ट आणि उपाय होतो ही दुसरी. दुसरीचं उत्तर सांध्यागणिक आणि दुखण्याच्या पायरीगणिक बदलतं.

डेंगीपलीकडच्या प्लेटलेट्स

प्लेटलेट्स हा शब्द आपल्या घरांत पोहोचला तो डेंगीमुळे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात, हे आता रिपोर्ट पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आठ-दहा दिवसांचं आयुष्य असलेले हे सूक्ष्म तुकडे जखमेवर गोळा होतात आणि रक्त थांबवतात. पण त्यांचं काम तिथे संपत नाही. त्यांच्या पोटात बारीक कणिका असतात आणि त्या कणिकांत पेशींना ‘वाढा, या, दुरुस्तीला लागा’ असे निरोप देणारी प्रथिनं भरलेली असतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. प्लेटलेट चेतवली गेली की हा साठा बहुतांशी पहिल्या तासाभरातच बाहेर पडतो.

प्लेटलेट्सचं हे दुसरं काम कळलं ते 1974 मध्ये. सिएटलमध्ये रसेल रॉस आणि त्यांचे सहकारी माकडाच्या धमनीतल्या स्नायुपेशी काचेच्या बशीत वाढवत होते. गोठलेल्या रक्तातून निघालेला द्रव घातला की पेशी झपाट्याने वाढत. गोठण्याआधीच प्लेटलेट्स काढून टाकलेल्या रक्ताचा द्रव घातला की त्या जवळपास थांबून राहत. प्लेटलेट्समधला अर्क परत मिसळला की वाढ पुन्हा सुरू होई. पेशींना चालना देणारी गोष्ट प्लेटलेट्समध्येच दडली आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. पीआरपीच्या मागचं जीवशास्त्र या अर्थाने भक्कम आहे.

माणसावर त्याचा गाजलेला वापर आधी जबड्यात झाला. 1998 मध्ये अमेरिकेतले मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात पीआरपी मिसळल्यावर हाड लवकर भरून येत असल्याचं दाखवलं. ताज्या जखमेतून आणि हाडातून ही कल्पना मग जुनाट दुखण्याकडे सरकली.

सचिनचं कोपर आणि न भरणारी कंडरा

‘टेनिस एल्बो’ हे नाव मराठी माणसाला पाठ झालं ते 2004 मध्ये, सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे. 2005 मध्ये लंडनला त्याची शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी ॲलन मिश्रा या अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांनी याच दुखण्यावर पीआरपीचा छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्ण एकूण 20. 15 जणांना पीआरपी, 5 जणांना फक्त बधिरतेचं औषध. आठ आठवड्यांनी पहिल्या गटाच्या वेदना 60 टक्क्यांनी उतरल्या, दुसऱ्याच्या 16 टक्क्यांनी. 2009 च्या अमेरिकी फुटबॉलमधल्या सुपर बोल सामन्याआधी हाइन्स वॉर्ड या खेळाडूने दुखऱ्या गुडघ्यात पीआरपी घेतल्याची बातमी जगभर गेली आणि मागणी उसळली. 2010 मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने स्नायूत पीआरपी टोचण्यावर बंदी घातली. पीआरपीने कामगिरी वाढते याचा पुरावा मिळेना, तेव्हा 2011 मध्ये ती बंदी उठवलीही.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला, टाचेच्या वर किंवा खांद्यात जे दुखतं ते अनेकदा हाड नसतं, स्नायूही नसतो. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा दुखत असते. निरोगी कंडरेत कोलॅजनचे तंतू मागावर ताणलेल्या ताण्यासारखे एका दिशेने, घट्ट आणि समांतर असतात. वर्षानुवर्षं तोच ताण बसला की ते विस्कटतात, मधे कच्चं ऊतक भरतं. कंडरेला रक्तपुरवठा मुळात तुटपुंजा असतो, त्यामुळे दुरुस्ती सुरू होते आणि अर्ध्यावर रेंगाळते. सूज कमी करणाऱ्या गोळ्या अशा जागी फारशा चालत नाहीत, कारण जुन्या दुखण्यात सूज हा मुख्य भाग उरलेलाच नसतो. थांबलेली दुरुस्ती प्लेटलेट्सच्या निरोपांनी पुन्हा सुरू करावी, असा पीआरपीचा तर्क आहे.

गुडघ्याची गोष्ट वेगळी. तिथे झिजते ती कूर्चा, ज्याला आपण ‘गादी’ म्हणतो. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. पीआरपीने गादी पुन्हा उगवते, असं कुणी सांगत असेल तर त्याला आधार नाही. सांध्याच्या अस्तरातला दाह शमून काही काळ दुखणं कमी व्हावं, एवढीच वाजवी अपेक्षा ठेवता येते. पीआरपीमध्ये स्टेम सेल नसतात, हेही इथेच नोंदवायला हवं. जाहिरातींत ही दोन नावं सर्रास शेजारी दिसतात.

सामना मिठाच्या पाण्याशी

माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं टोकाला गेल्यावर. टोकाचं दुखणं पुढच्या काही आठवड्यांत आपसूक थोडं उतरतंच. त्यात सुई घेतली, पैसे मोजले, आठवडाभर हात जपला, याचाही परिणाम असतो. म्हणून ‘मला फरक पडला’ एवढ्यावर औषध पास होत नाही. निम्म्या रुग्णांना न सांगता नुसतं सलाइन टोचून पाहावं लागतं.

भारतात ही कसोटी लवकर घेतली गेली. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये 78 रुग्णांच्या दोन्ही गुडघ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना पीआरपीची एक सुई, काहींना दोन, काहींना सलाइन. सुरुवातीच्या पायरीवरच्या झिजेत पीआरपी सरळ सरस ठरलं, एका सुईचा आणि दोन सुयांचा परिणाम जवळपास सारखाच आला आणि सहा महिन्यांच्या सुमारास तो ओसरू लागला.

मग 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातला मोठा अभ्यास आला. पन्नाशीपुढचे 288 रुग्ण, दर आठवड्याला एक अशा तीन सुया, वर्षभर पाठपुरावा. दहाच्या मोजपट्टीवर पीआरपीच्या गटाचं दुखणं सरासरी 2.1 ने उतरलं, सलाइनच्या गटाचं 1.8 ने. गादीच्या झिजेतही लक्षणीय फरक नव्हता. दोन्ही गटांतल्या लोकांना आराम पडला. तो पीआरपीमुळे होता, असं मात्र म्हणता आलं नाही.

कंडरांचा हिशेबही असाच उलटसुलट आहे. टाचेमागच्या कंडरेवर नेदरलँड्समध्ये 2010 मध्ये 54 आणि ब्रिटनमध्ये 2021 मध्ये 240 रुग्णांचे अभ्यास झाले. दोन्हींत खोट्या उपचाराच्या तुलनेत पीआरपीने काही जास्त साधलं नाही. टेनिस एल्बोवर मिश्रा यांच्याच 2014 च्या 230 रुग्णांच्या अभ्यासात 24 आठवड्यांनी पीआरपी गटात 84 टक्के तर दुसऱ्या गटात 68 टक्के लोकांना समाधानकारक आराम मिळाला. पण 2021 मध्ये कोक्रेन या संस्थेने 32 अभ्यास, 2337 रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा टेनिस एल्बोतही ठळक फायदा उरला नाही.

एकाच नावाची अनेक औषधं

एवढी तफावत का? पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी बऱ्हाणपुरात आणि बर्लिनमध्ये सारखीच असते. पीआरपीचं तसं नाही. तुमच्या प्लेटलेट्स मुळात किती, रक्त किती काढलं, यंत्र किती वेगाने आणि किती वेळा फिरवलं, वरचा पिवळसर थर किती उचलला, त्यात पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, या प्रत्येक पायरीवर हातात येणारं द्रव्य बदलतं. ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासावर टीका झाली ती यामुळेच. त्यात वापरलेल्या द्रवातलं प्लेटलेट्सचं प्रमाण साध्या रक्ताहून फारसं वेगळं नव्हतं. त्याच वर्षी भारतात झालेल्या 150 रुग्णांच्या अभ्यासात 8 मिलिलिटरमध्ये तब्बल 1000 कोटी प्लेटलेट्स देण्यात आल्या आणि गुडघ्याचा आराम वर्षभर टिकल्याचं दिसलं. मात्र तिथे तुलना सलाइनशी नव्हती, ‘ग्रीस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हायलुरोनिक ॲसिडच्या सुईशी होती. मात्रेचा मुद्दा दमदार आहे, निकाल अजून लागलेला नाही.

तज्ज्ञसंस्थाही म्हणूनच एकमताने बोलत नाहीत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेत पीआरपी देऊ नये, असं ठामपणे सांगितलं. तिथल्याच अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2021 मध्ये गुडघेदुखीत त्याने फायदा होऊ शकतो, अशी मर्यादित मान्यता दिली.

स्टेरॉइडची सुई स्वस्त आणि झटपट असते, हे खरं. पण टेनिस एल्बोत ती घेतलेल्यांची अवस्था वर्षभराने न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचं 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 165 रुग्णांवर दिसलं. गुडघ्यात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं स्टेरॉइड दिल्यावर गादी अधिक झिजल्याचंही 2017 च्या अमेरिकी अभ्यासात आढळलं. पीआरपीचं आकर्षण वाढायला स्टेरॉइडचा हा इतिहासही कारणीभूत आहे.

आधी भार, मग सुई

कंडरा आणि सांधे ताणातून बिघडतात आणि योग्य मापाच्या ताणातूनच सुधारतात. 1998 मध्ये स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी टाचेच्या जुनाट दुखण्याने पळणं सुटलेल्या 15 जणांना 12 आठवडे, रोज दोनदा, टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम दिला. सगळे पुन्हा पळू लागले. कोपरासाठी मनगट सावकाश खाली सोडण्याचा, गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम याच तत्त्वावर दिला जातो. वजन जास्त असेल तर एक किलो घटवल्यावर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. मागावर असाल तर अधूनमधून हात बदलणं, टेकायला स्टूल, पायाखाली जाड रबरी चटई. बागेत असाल तर छोट्या खेपा किंवा हातगाडी. व्यायामाला तीन महिने लागतात, त्याची जाहिरात होत नाही, म्हणून तो कानावर कमी येतो.

हे करूनही दुखणं हटलं नाही, तर पीआरपीचा विचार करता येतो. टेनिस एल्बो किंवा गुडघ्याची सुरुवातीची झीज असेल तर आशेला थोडी जागा आहे. गुडघा पार वाकला असेल, हाडाला हाड घासत असेल, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक. सुईआधी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं: नेमकं काय बिघडलं आहे आणि ते कशावरून कळलं? तयार झालेल्या पीआरपीत प्लेटलेट्स किती, हे मोजता का? पांढऱ्या पेशी ठेवता की काढता? सुई सोनोग्राफीत बघून देता का? सगळं निर्जंतुक बंद किटमध्ये होतं का? सुईच्या आधी आणि नंतर काही दिवस वेदनाशामक गोळ्या थांबवायला सांगितल्या जातात, कारण त्या प्लेटलेट्सच्याच कामात अडथळा आणतात. पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढू शकतं आणि फरक पडायचा तर तो चार-सहा आठवड्यांनी पडतो. प्लेटलेट्स कमी असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असलेल्यांनी हे आधीच सांगायला हवं.

आणि एक प्रश्न डॉक्टरांनी तुम्हाला विचारायला हवा: दिवसभर काय काम करता, कोणत्या हाताने, किती वेळ? तो न विचारताच सुईचा दर सांगितला गेला, तर उठून फिजिओथेरपिस्टकडे जावं. ज्या ताणाने कंडरा विस्कटली तो तसाच चालू राहिला, तर उत्तमातलं उत्तम पीआरपीही दोन पाळ्यांमधल्या विश्रांतीपुरतंच उरेल.